न गिळलेला घोट

गुलाबराव मेश्राम फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, बाजारातून भाजी घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले आणि गेले. वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते. शनिवारी संध्याकाळी हॉटेलात आमचे टेबल राखून ठेवलेले होते. मी फोन करून ते रद्द केले. मॅनेजरने कारण विचारले. मी सांगितले.

हे टेबल कसले, ते सांगितल्याशिवाय मेश्रामसाहेब कळायचे नाहीत. आम्ही तिघे महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जेवायला जमत असू आणि जेवणाआधी वाइन चाखत असू. भंडाऱ्यासारख्या गावात तीन म्हाताऱ्यांनी वाइनची चव पाहावी, हेच ऐकणाऱ्याला विचित्र वाटे. त्यात आमचा मुखिया वाइनचा एक थेंबही पोटात जाऊ देत नसे. तो फक्त चाखत असे.

मेश्रामसाहेबांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, तपासणी विभागात झाली. तयार माल पास करायचा की नापास, हे ठरवणाऱ्या माणसांपैकी ते एक. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यात घर बांधले, पण तपासणी विभाग त्यांच्यासोबत राहायला आला. चहाचा पहिला घोट ते तोंडात धरून ठेवत, डोळे बारीक करत आणि मग निकाल देत. पौर्णिमेला विहारात वाटलेली खीर असो, लग्नातली वांग्याची भाजी असो, निकाल ठरलेला. "यायले भाजी वाढाची म्हंजे परीक्षेले बसाची," असे वहिनी म्हणत. वहिनींच्या हातचा स्वयंपाक अनेक वर्षे चाखून साहेबांनी तो कधी पहिल्या वर्गात पास केला नाही आणि कधी ताटात टाकलाही नाही.

त्यांची माझी ओळख कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. मी तिथे ग्रंथपाल होतो. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घातलेले, खिशाला दोन पेन लावलेले एक गृहस्थ टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "सर, दारूवर एखादं पुस्तक हाये का जी?"

मी त्यांच्याकडे पाहिले. दारूबंदीवरची पुस्तके आमच्याकडे पुष्कळ होती. ती दाखवू लागलो तर ते हात हलवून म्हणाले, "दारू सोडाची नाई. मी पेतच नाई. मले समजून घ्याची हाये."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळे सांगितले. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा अन्नतंत्रज्ञान शिकली आणि नाशिककडे एका वायनरीत नोकरीला लागली. मेश्रामांच्या घरात आजोबांच्या नव्हे, वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून पंचशील पाळले जात होते. त्यातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. साहेबांनी फॅक्टरीतल्या निरोपाच्या पार्ट्यांतही लिंबूसरबतच घेतले होते. आता घरातली लेक तीच वस्तू बनवायला शिकत होती. बापाला ती कळायला हवी होती आणि प्यायची तर नव्हती. या अडचणीतून प्रज्ञानेच फोनवर वाट काढून दिली होती. "बाबा, आमच्याकडे चाखणारे कोणी गिळत नाहीत. तोंडात फिरवतात आणि थुंकून टाकतात. दिवसभर गिळत बसले तर काम कोण करणार?"

"पाहा सर," साहेब मला म्हणाले, "म्हंजे जे खरे जाणकार असतात, ते बी पाचवं शील पाळतात."

माझ्याकडे द्राक्षशेतीवरचे एक पुस्तक निघाले, तेवढे ते घेऊन गेले. आठवड्याने परत आणून दिले तेव्हा म्हणाले, "यात किडीबद्दल लिवलं हाये, चवीबद्दल काहीच नाई. चव चार माणसांत बसूनच समजीन."

चार काही जमले नाहीत, तीन जमले. तिसरे कापगते, माझे शाळेपासूनचे मित्र, एकोडीचे धान पिकवणारे शेतकरी. मनाने अतिशय मोकळे. फक्त गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा नसेल तर त्यांना बोलणे सुचत नाही. वाइन चाखायची आहे म्हटल्यावर ते पहिल्या फटक्यात तयार झाले. थुंकायचे आहे हे त्यांना मागाहून कळले.

पहिल्या संध्याकाळी साहेब आमच्याआधी हॉटेलात हजर होते. हॉटेल नागपूर रोडवरचे, एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला पडदे लावलेल्या फॅमिली केबिन. आमची बाटली, त्यांचे जेवण, असे त्यांनी मॅनेजरशी ठरवून घेतले होते. कापगते आत पाय टाकतात तोच साहेब उठून उभे राहिले.

"कापगतेभाऊ, खिसे खाली करा."

"काहून जी?"

"फॅक्टरीत गेटवर झडती होते. काडीपेटी घेऊन कोणी आत जात नाई. इथं खर्रा घेऊन कोणी बसणार नाई. तंबाखूच्या तोंडाले वाइन काय समजीन?"

कापगत्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुस्तकाच्या कपाटाकडे पाहावे तसे भिंतीकडे पाहिले. शेवटी खर्र्याची पुडी मॅनेजरच्या गल्ल्यात जमा झाली. मॅनेजरने ती दोन बोटांत धरून घेतली. मग साहेबांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेले उंच दांड्याचे ग्लास काढले, नाव दिसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या काढल्या आणि शेवटी झाकणाचा स्टीलचा डबा काढला. डब्यात तळाशी धानाचा भुसा पसरलेला होता. प्रत्येकाने घोट तोंडात फिरवायचा आणि त्या डब्यात सोडायचा.

पहिला मान साहेबांचा. त्यांनी ग्लास गोल फिरवला, नाक जवळजवळ आत घातले, घोट घेतला, गाल फुगवले, डोळे मिटले आणि मग डबा तोंडाशी नेला. नेमका तेव्हाच वेटर पापड घेऊन आला होता. तो पापडासकट परत फिरला आणि क्षणात लिंबू, मीठ आणि पाण्याचा जग घेऊन आला.

"साहेबाले मळमळून राहिलं का?"

"नाई रे बाबा. मी तपासून राहिलो."

पुढच्या वेळेपासून आम्हाला कोपऱ्यातली केबिन मिळू लागली. साहेबांना तो आपला सन्मान वाटला. खरे तर पडद्यामागून येणाऱ्या आवाजांमुळे बाहेरच्या जेवणाऱ्यांना आणखीच शंका येत असत. मॅनेजर त्यांना काय सांगत असे, ते त्यालाच माहीत.

कापगते पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, मी काही थुकणार नाई. कष्टाच्या पिकाले थुकाचं नसते." साहेबांनी त्यांना सूट दिली, मलाही दिली. स्वतःला कधीच दिली नाही. त्यावरून कापगते त्यांना सारखे छेडत. "साहेब, आमच्या घरची म्हस बी पाणी तोंडात घेतलं का गिळते. एक घोट आत गेला तर कोणाले दिसते?"

"मले दिसते," साहेब म्हणत आणि डब्याचे झाकण लावत.

साहेबांच्या टेबलावर 'चांगली' आणि 'मस्त' हे दोन शब्द बंद होते. कापगते "बढिया हाये जी" म्हणाले की साहेब ग्लास खाली ठेवत. "बढिया म्हंजे काय? कारण सांगा. कारणाशिवाय सही होत नाई." इंग्रजी पुस्तकांत वाइनला ज्या फळांचे वास येतात, ती आमच्यापैकी कोणी पाहिलीही नव्हती. म्हणून साहेबांनी आपल्या भागातले वास आणले. एकीला जांभळाचा, एकीला वाळत घातलेल्या मोहफुलांचा, एकीला पहिल्या चिखलणीनंतरच्या धानाच्या बांधीचा. एका लाल वाइनला त्यांनी "कच्चा तेंदू" असा शेरा दिला, आणि खरोखरच ती पिऊन कच्चे तेंदूफळ खाल्ल्यासारखे तोंड आखडत होते. कापगत्यांना हळूहळू यात गोडी वाटू लागली. एकदा ते ग्लास पुन्हा पुन्हा नाकाशी नेऊन म्हणाले, "ही उकडलेल्या धानावानी हाये जी. भट्टीजवळ उभं राह्यल्यासारखं." साहेबांनी त्यांना शेकहँड केला. त्यानंतर आठवडाभर कापगते एकोडीत घरच्या चहाचेही कारण सांगत होते, असे त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितले. तक्रारीच्या सुरात.

चाखणे संपेपर्यंत तिखट वर्ज्य. सावजी रस्सा स्वयंपाकघरात तयार असे, त्याचा वास पडद्याखालून येत असे, आणि कापगते उसासे सोडत. "साहेब, रस्सा थंडा होऊन राहिला." साहेब निवांतपणे पुढचा ग्लास फिरवत. सगळ्या बाटल्यांचा निकाल लागल्यावर ते स्वतः पडदा सारून हाक मारत, "आण रे आता!" आणि मग स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त तिखट खात. त्या वेळी त्यांना पाहून कोणी म्हटले नसते की हा माणूस जिभेला इतका जपतो.

याचा अर्थ त्यांना सगळे सोपे गेले, असा नाही. एका पौर्णिमेला वंदनेनंतर विहारातल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "गुलाब, पोरगी दारूच्या कारखान्यात लागली म्हणतात?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कारध्याच्या पुलावर फिरायला गेलो होतो. खाली वैनगंगेचे पात्र होते. कठड्याला टेकून ते म्हणाले, "सर, मी जिंदगीभर बारूदच्या कारखान्यात होतो. पहिलं शील जीवहिंसेचं हाये. ते मले कोणी एक दिवस बी विचारलं नाई. उलट सरकारी नोकरी म्हून मिठाई वाटली. पोरगी द्राक्षाच्या कारखान्यात गेली तर पाचवं शील सगळ्यायले आठवून राहिलं."

खालच्या पाण्याकडे पाहत ते पुढे म्हणाले, "पण ते चुकीचं बोलले, असं बी नाई. मी पास केलेला माल कुठं गेला, मले माहीत नाई. पोरगी करते ते कुठं जाते, एवढं तरी मले पाह्यचं हाये. म्हून ते टेबल."

तोपर्यंत मी ते टेबल म्हणजे साहेबांची हौस समजत होतो.

मग प्रज्ञाला तिच्या वायनरीत पहिल्यांदा एक टाकी स्वतंत्रपणे सांभाळायला मिळाली. द्राक्षापासून बाटलीपर्यंत सगळे तिचे. डिसेंबरात ती सुट्टीवर आली तेव्हा त्या टाकीतली एक बाटली घेऊन आली. वहिनींनी मला आणि कापगत्यांना बाजूला घेऊन जे सांगितले, ते साहेबांना माहीत नव्हते. साकोलीच्या एका कॉलेजात शिकवण्याची जागा निघाली होती. घराजवळची नोकरी, कोणी नावे ठेवणार नाही अशी. वहिनींना ती हवी होती. प्रज्ञाने आईला सांगितले होते, "बाबांनी माझी वाइन पास केली तर मी तिकडेच राहीन. नापास केली तर अर्ज करते. पण बाबांना सांगायचं नाही." आईने बाबांना सांगितले नाही. फक्त आम्हाला सांगितले.

शनिवारी आम्ही चौघे केबिनमध्ये बसलो. बाटल्या कागदात गुंडाळण्याचे काम त्या दिवशी प्रज्ञाने कापगत्यांकडे दिले होते आणि कागदावर अक्षरेही त्यांनीच टाकली होती. त्यामुळे 'ब' बाटली कुणाची, हे कापगत्यांना माहीत होते. कापगत्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही असे काही माहीत असले की ते किती बोलतात, हे आम्हालाही माहीत होते.

साहेबांनी 'अ' संपवली. 'ब'चा ग्लास हातात घेतला मात्र, कापगते सुरू झाले. "वा! वासच पाहा जी साहेब! रंग पाहा! असा रंग मी तं कधी पाह्यला नाई." टेबलाखालून त्यांनी साहेबांच्या पायाला खूण म्हणून लाथ मारली, ती मला लागली.

साहेबांनी ग्लास थांबवला. चष्म्यावरून कापगत्यांकडे पाहिले. "कापगतेभाऊ, माल पुरवणारे असंच करत. माल चांगला असला का गुपचूप बसत. नसला का चहा पाजत." आणि त्यांनी तो ग्लास आधीच्या दुप्पट वेळ नाकाशी धरला.

प्रज्ञा टेबलक्लॉथची किनार सारखी करत होती.

घोट घेतला. डोळे मिटले. डबा. झाकण. साहेबांनी पाण्याने चूळ भरली आणि पुन्हा एक घोट घेतला. एका बाटलीचे दोन घोट ते कधी घेत नसत.

"नापास," ते म्हणाले.

"काहून जी?" कापगते जवळजवळ ओरडले.

"कारण सांगतो ना. धानाचा रोवणा मन लावून केला हाये, निंदण बी केलं हाये. ज्यानं केलं त्याचा हात साफ हाये. पण धान हिरवं असताना कापलं. घाई केली. मागून हिरवा वास येऊन राहिला, अन् तोंड आखडून राहिलं. आणखी काही दिवस उभं ठेवलं असतं तं..."

"साहेब," कापगते म्हणाले, "तुमच्या पोट्टीची हाये ते."

बाहेर कोणीतरी बिल मागत होते. साहेब प्रज्ञाकडे वळले. मला वाटले, आता ते काहीतरी सांभाळून घेणारे बोलतील; कोणताही बाप बोलला असता. कापगत्यांनी तर त्यांच्यासाठी वाक्यही तयार ठेवले होते. "परत एकदा पाहा जी, तोंडात आधीची चव राह्यली असन."

साहेबांनी ते ऐकले नाही. त्यांनी विचारले, "द्राक्षं कधी तोडायची, हे कोणी ठरवलं?"

"मालकांनी," प्रज्ञा म्हणाली. "अवकाळी पावसाचा अंदाज होता."

"तू काय म्हटलं होतं?"

"थांबू या म्हटलं होतं. दाणे चावून पाहिले होते मी. बिया हिरव्या होत्या."

"पाऊस आला?"

"नाही आला."

"म्हंजे आज मी जे सांगितलं ते तुले तेव्हाच माहीत होतं?"

"हो बाबा."

साहेबांनी चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकाने पुसला. त्याची काही गरज नव्हती. "मग वाइन नापास," ते म्हणाले, "तू पास. पुढच्या खेपेले त्यायले कारण लिहून दे, अन् हटू नको."

प्रज्ञा रडली नाही. तिने पर्समधून रुमाल काढला, पण तो कापगत्यांना द्यावा लागला. साहेबांनी पडदा सारला आणि रस्सा आणायला सांगितला. अर्ज गेला नाही. साकोलीच्या जागेबद्दल साहेबांना शेवटपर्यंत काही कळले की नाही, मला माहीत नाही. वहिनी म्हणतात, कळले नाही. पण त्यांच्यापासून काही लपून राहत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तोडणी ऐन भरात असताना प्रज्ञाला घरचा फोन गेला. ती बुधवारी सकाळी पोहोचली. पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत थांबली. नातेवाइकांपैकी काहींचे म्हणणे पडले की तिने आईजवळ आणखी राहावे. वहिनीच म्हणाल्या, "जा बाई. द्राक्षं उभी हायेत. आता लवकर बी तोडू नको अन् उशिरा बी नको." ती गेली.

त्या वर्षीची वाइन काही महिन्यांनी तिने आम्हाला पाठवली. साहेबांचे ग्लास वहिनींनी दिले. मी आणि कापगते त्याच हॉटेलात बसलो. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. मी तो टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला.

"काका, कशी झाली?"

कापगत्यांनी घोट घेतला. मी वाट पाहत होतो की ते आता कौतुकाची सरबत्ती सुरू करतील. साहेब गेल्यानंतर तिचे मन राखायला कुणीही केली असती. त्यांनी ग्लास फिरवला आणि पुन्हा नाकाशी धरला.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "धान पुरं पिकलं हाये. कापणी वेळेवर झाली. जांभूळ हाये, अन् मागून मोहफुलाचं थोडंसं. पण लाकडाचा वास जरा जास्त येऊन राहिला. पिंपात जास्त दिवस राह्यली का?"

"हो काका," प्रज्ञा म्हणाली. "मलाही तसंच वाटत होतं."

मग तिने माझी, वहिनींची, एकोडीच्या रोवण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. कापगत्यांनी ग्लास संपवला. आम्ही जेवलो.

वहिनी भंडाऱ्याच्याच घरात राहतात. मी आठवड्यातून एकदा जाऊन येतो. प्रज्ञा नाशिककडेच आहे. यंदा तिच्याकडे दोन टाक्या आहेत.